लेकरू न्यायला या

अनसाक्का कचेरीच्या दारात उभी राहिली की आतल्या बायका तिच्या तोंडाकडं बघत नसत. आधी कडेवर कोण आहे ते बघत. दुसऱ्याचं मूल असलं तर मान खाली घालून पुन्हा कामाला लागत. आपलं असलं तर साहेबांना न विचारताच टेबलाखाली चपला शोधायला लागत. परवानगी मिळेपर्यंत अक्का दारातून हलणार नाही, बोलणार नाही, पापणीसुद्धा हलवणार नाही, हे सगळ्या विट्याला माहीत होतं. आई जवळ गेली की ती एवढंच म्हणे, "लेकरू न्यायला या."

मूल तर समोर असे. आईही दोन हातांच्या अंतरावर उभी असे. तरी "न्यायला या". बरं, मूल बहुतेक वेळा हसतखेळत असे. अंग गार, हातात शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा. आई चरफडत त्याला घरी नेई आणि दिवे लागायच्या सुमाराला ते फणफणून तापे.

मी विट्याच्या मुलींच्या शाळेत बदलून आले ते पंचाहत्तर-शहात्तरचे दिवस. यजमान सांगलीला नोकरीत, शनिवारी संध्याकाळच्या एस्टीनं यायचे. सासूबाई साताऱ्यात, पाय मोडून अंथरुणावर. माझी शुभा नुकती बोलायला लागली होती. तिला कुणाकडं ठेवावं या विचारात होते, तर घरमालकीण म्हणाली, "अनसाक्काकडं ठेवा की. नोकरीवाल्या समद्या तिच्याकडंच ठेवत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "फकस्त तिच्यासंगं वाद घालू नका."

आमच्या मागच्या आळीत अक्काचं घर होतं. त्या आळीतले बाप्ये सगळे गलाईवाले. सोनं गाळायची दुकानं घेऊन कुणी कलकत्त्याला, कुणी मद्रासला. अक्काचे यजमान तर थेट आसामात. दारांवर पाट्या पुरुषांच्या आणि घरात बायका. अक्काला मूलबाळ नव्हतं. घर मोठं, दुमजली. माहेर कुठलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीला न्यायला म्हणून तिच्या दाराशी कधी कुणी आलेलं नव्हतं.

रोज सकाळी ओट्यावर तपासणी चाले. मूल उभं करायचं. अक्का उकिडवी बसून त्याच्या पाठीला कान लावायची आणि एक हात वर करायची. तो हात वर गेला की रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा ओरडायचा थांबे. सायकलवाले घंटी वाजवत नसत. मग निकाल लागे. "ऱ्हाऊ द्या" किंवा "न्या". अपील नाही.

एकदा पोस्टातल्या बाई कळवळून म्हणाल्या, "अक्का, कालपासून नाक वाहतंय, पण नुसती सर्दी आहे हो."

"सर्दी चालती मला," अक्का म्हणाली. "नाक मी पुसंन. पन ह्येला आज घर पायजे. न्या."

मला तिची पहिल्यांदा भीती वाटली ती एका दुपारी. शाळा अर्ध्यातच सुटली म्हणून मी शुभाला आणायला लवकर गेले. दार उघडं होतं. एवढी पोरं ज्या घरात, तिथं काहीतरी कलकल असायला हवी. पण आत चिडीचूप. मला वाटलं, घरात कुणीच नाही. माजघरात डोकावले तर अंधुक उजेडात वाकळेवर पोरं ओळीनं पडलेली. सगळी जागी. सगळ्यांचे डोळे उघडे आणि कुणी चुळबूळसुद्धा करत नव्हतं. मध्ये अक्का दाराकडं तोंड करून बसलेली. पोरं आणि अक्का मिळून काहीतरी ऐकत होती.

ओळीत एका जागी मात्र मोकळं पडलं होतं. तिथल्या एका पोराच्या दोन्ही बाजूंची पोरं सरकून लांब झाली होती. कुणी सांगितल्यासारखी.

"बरं झालं, तुमीच आला," अक्का मागं न बघता म्हणाली. "मी निगालेच हुते."

मोकळ्या जागेतली ती माझी शुभा होती. मी कपाळाला हात लावला. गार. ती माझ्याकडं बघून हसलीसुद्धा. संध्याकाळी तिच्या अंगावर गोवर उमटला.

बरी झाल्यावर तिला घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, "अक्का, तुम्हाला आधी कसं कळतं?"

"पोरांस्नी कळतंय," ती म्हणाली. "मी त्यांच्याकडं बघती नुसती."

आळीत या गोष्टीचे नाना अर्थ लावले जात. कुणी म्हणे, तिच्या अंगात काहीतरी आहे. कुणी म्हणे, लागण व्हायला भिते. पण मूल ठेवायचं कुणी थांबवत नसे, कारण तिच्याकडं पोरं रडत नसत आणि संध्याकाळी घरी येताना पोटभर जेवलेली असत.

एकदा आमच्या शाळेत इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून टिपणं घेत होते. मी घसा कोरडा करून नद्यांची खोरी शिकवत होते, तेवढ्यात दारात अक्का. कडेवर शुभा. मला घेरीच यायची राहिली. मी डोळ्यांनी खुणावलं, थांबा. एरवी दारातून न हलणारी अक्का त्या दिवशी मात्र थांबली नाही. ती सरळ आत आली आणि तिनं शुभाला माझ्या टेबलावर, नकाशाच्या बाजूला बसवलं.

"लेकरू न्यायला या."

साहेब उठून आले. मोठे सौम्य गृहस्थ. शुभाचा हात हातात घेऊन म्हणाले, "अहो बाई, मुलगी तर छान आहे की!"

अक्कानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मान जराशी वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमी बी घरला जावा, सायेब. आजच्या आजच."

वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या. साहेबही हसले, पण त्यांचं हसू मध्येच विझलं. त्यांनी वही मिटली. दुपारच्या गाडीनं ते खरंच निघून गेले आणि पुढं महिनाभर विषमज्वरानं अंथरुणाला खिळून होते, असं मुख्याध्यापिकाबाईंकडून कळलं. तेव्हापासून अक्का शाळेत आली की आमचा शिपाई पाणी भरायच्या निमित्तानं आडाकडं पळायचा. आपल्याकडं बघून तिनं काही म्हणू नये म्हणून.

माझ्यासारखीच तिच्याकडं मूल ठेवणारी एक कुसुम होती. पंचायतीच्या कचेरीत टायपिस्ट. नवरा मिलिटरीत, दूर सरहद्दीवर. मुलगा बाळू दीड-दोन वर्षांचा. कुसुमची नोकरी कच्ची होती. खात्याची परीक्षा पास झाली तर पक्की होणार होती. परीक्षा सांगलीत. आणि नेमकं त्या पहाटे बाळूचं अंग कोमट लागलं.

तिनं त्याला तापाची गोळी दुधात कुस्करून पाजली. घाम येऊन अंग गार पडलं. तशी ती त्याला अक्काच्या ओट्यावर घेऊन आली. मी तिथंच होते. अक्कानं पाठीला कान लावला, हात वर केला आणि त्या दिवशी कितीतरी वेळ तो खाली घेतलाच नाही. कुसुमच्या कपाळावर घाम.

"अक्का, एवढा एक दिवस," ती म्हणाली.

अक्कानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "जा. पेपर लिव."

तिनं असा निकाल दिलेला मी प्रथमच ऐकला.

दुपारी ती शाळेच्या दारात उभी राहिली ती बाळूला घेऊन. लांबूनसुद्धा त्याचा लाल चेहरा दिसत होता. "ह्येची आई सांगलीला हाय," ती म्हणाली. "मी कुनाला सांगू?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापला.

आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, आणि म्हणाले, घाबरू नका, घरी नेऊन निजवा. मी म्हटलं, "चला अक्का, तुमच्या घरी." तिनं मान हलवली. "माझ्याकडं चला." तिनं पुन्हा मान हलवली आणि सरळ एस्टी स्टँडची वाट धरली.

स्टँडवर बाकाच्या कडेला ती बसली. मी नळावरनं पंचा भिजवून आणत होते, बाळूच्या कपाळावर ठेवत होते. सांगलीहून गाडी आली की अक्का उठायची. दोन्ही हातांनी पोराला वर धरायची, खिडक्यांच्या उंचीवर, आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. आतली माणसं बाहेर बघून दचकायची. एका म्हातारीनं तर खिडकीची काचच ओढून घेतली. गाडी रिकामी झाली की अक्का परत येऊन बसायची.

"अक्का, ती पेपर संपल्याशिवाय कशी येईल?" मी म्हटलं.

"ठावं हाय मला."

"मग प्रत्येक गाडीला कशाला उठता?"

"त्येला दिसाय नगं? कुनीतरी आईला हुडकतंय म्हनून?"

बाळू ग्लानीत होता. ऊन कलायला लागलं होतं. मग अक्का आपल्याशीच बोलल्यासारखी बोलायला लागली.

"आमची मेंढरं हुती, बाई. म्हसवडाकडची आमी. पाऊस सरला की समदं घिऊन खाली किस्नाकाठाला उतरायचं. मी बारकी, तट्टावर बसायची. आटपाडीच्या अलीकडं मला ताप भरला. तिथं वस्तीवर एक बाई हुती. आई म्हनली, ह्या मावशीपाशी ऱ्हा, परतताना न्ह्याला येतो."

"मग?"

"मग काय. लय कळप आलं, लय गेलं. घुंगरं वाजली की मी पळायची. मान्सं दुसरीच असायची."

"आलेच नाहीत?"

"मेली, का वाट चुकली. का मीच मेले असं कुनी सांगितलं त्यास्नी. ठावं न्हाई." ती बाळूच्या कपाळावरचा पंचा उलटत म्हणाली. "मावशीनं लय जीव लावला. लगीन करून दिलं. पन ताप भरल्यावर परक्याच्या घरात... बाई, भिताडंसुदिक वळखीची न्हवती. तवापास्नं मला आवाज येतो. ताप लय मागनं येतो. आधी लेकरू वाट बघाय लागतं. त्याचा आवाज येतो."

"कसला आवाज?"

तिनं आश्चर्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला न्हाई येत?"

मी कान दिला. हमालांची बोलणी, एका गाडीची घरघर, बाळूचा भरभर श्वास. आणि त्या सगळ्याच्या खाली काहीतरी होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पण मी पंचा भिजवायला म्हणून उठून नळाकडं गेले. नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकत जरा वेळ तिथंच उभी राहिले.

दिवस मावळता मावळता आलेल्या गाडीतून कुसुम उतरली. उतरायच्या आधीच तिला खिडकीतून पोरगं दिसलं होतं. ती धक्के देत, पायरीवरून अडखळत खाली आली. मला वाटलं, आता अक्का तिला सगळ्या स्टँडसमोर फाडून खाणार.

अक्का बाळूच्या कानाशी म्हणाली, "बघ, आली का न्हाई?" मग त्याला कुसुमच्या हातात देऊन विचारलं, "पेपर कसा गेला?"

कुसुमला रडू फुटलं. ती रडत असताना अक्का बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही. तिच्या दोन्ही दंडांना गोळे आले होते.

बाळू आठवड्यात हिंडायला लागला. कुसुमची नोकरी पक्की झाली. अक्काचा हात रोज सकाळी वर जातच राहिला, आणि "न्या" म्हटलं की त्यानंतर निदान मी तरी कधी चरफडले नाही.

पुढच्या वर्षी थंडी सरताना एका सकाळी शुभाला घेऊन गेले तर आळीत सामसूम. अक्कानं भल्या सकाळीच घरोघर निरोप धाडला होता, आज पोरं आणू नका. आमच्याकडं तेवढा पोचला नव्हता. दाराला बाहेरून कडी होती. अक्का ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून, मांडीवर एक गाठोडं घेऊन.

"आज न्हाई, बाई," ती म्हणाली. "घरात आजारी मानूस हुतं."

"कोण?"

"मीच."

मला हसू आलं. मग मी तिच्या हाताला हात लावला आणि हसू गेलं. हात चुलीवरून काढल्यासारखा होता.

"अक्का, आत जाऊन पडा की!"

"न्हाई. आजारी लेकरू आत ऱ्हात न्हाई."

"तुमच्या यजमानांना तार करू?"

"त्यास्नी कशाला. दुकान हाय त्यांचं."

"मग इथं कशाला बसलाय?"

ती आळीच्या तोंडाकडं, रस्ता जिथं वळतो तिकडं बघत राहिली. शुभा माझा हात सोडून गेली आणि तिच्याजवळ पायरीवर बसली. दोघी एकाच दिशेला बघायला लागल्या. मला ते बघवेना. मी गाठोडं उचललं आणि म्हटलं, "चला, अक्का. मी न्यायला आलेय."

ती निमूटपणे उठली. माझ्या पदराचं टोक मुठीत धरून चालत राहिली, रस्त्यानं माणसं बघत होती तरी सोडलं नाही.

ताप पुढं चार-सहा दिवसांत उतरला. त्याची काळजी नको. बरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं कुसुमच्या बाळूला दारातून परत पाठवलं. पण त्या पहिल्या दुपारी, माझ्या खाटेवर, तिचा ताप फार वर गेला होता. मी शाळेला रजा टाकून उशाशी बसले होते. घड्या बदलत होते. एकाएकी तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, पण बघत होती ती मी नव्हते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठं गेल्या कोण जाणे. एवढ्याशा पोरीच्या आवाजात, रुसून, ती म्हणाली, "आये, लय येळ लावलास."

शुभा दारात उभी राहून ऐकत होती. मी अक्काच्या तोंडावरचे केस मागं सारले.

"व्हय गं," मी म्हटलं. "लय लांबनं यायचं हुतं."