फिरकीच्या तांब्याचे झाकण

साहसाशिवाय मनुष्यजन्म पुरा होत नाही, याबद्दल विद्वानांत एकमत आहे. (विद्वान स्वतः साहस करत नाहीत, त्यांना एकमत सांभाळायचे असते.) अड्याळचे यादोराव या कसोटीला पुरेपूर उतरले होते. पुरात डोंग्याने वैनगंगा ओलांडणे, शंकरपटात उधळलेली बैलजोडी अडवणे, एसटीच्या टपावर धानाच्या पोत्यांवर बसून भंडारा गाठणे, सोयऱ्याच्या पंगतीत पाचव्या आग्रहाला नाही म्हणणे, ही सारी साहसे त्यांनी पन्नाशीच्या आत उरकली. त्यांना वाघही भेटला होता. वाघाने पुढे काय केले हे ते दर वेळी निराळे सांगत. त्यावरून वाघ बहुगुणी असावा.

राहिले होते एकच. लेकीच्या घरी जेवणे.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घेऊ नये, ही रीत कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे ती बदलण्याची विनंती कोणाकडे करावी, हेही ठरत नव्हते. यादोरावांच्या सुलोचनाचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती, मूल नव्हते. दिवाळीनंतर तिच्या गावी, बपेऱ्याला, मंडईची जत्रा भरे, तेव्हा यादोराव गाड्या बदलत तिच्याकडे जात. सोबत फडक्यात भाकर-कांदा आणि फिरकीच्या तांब्यात घरचे पाणी. लेकीच्या ओसरीवर, तिच्या चुलीचा धूर खात (धुराला मनाई नव्हती) ते जेवत. ती दाराशी उभी राहून पाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मंडईला यादोरावांनी रस्त्याचे खड्डे ध्यानात घेऊन तांब्याचे झाकण जरा जास्तच आवळले. दोन घास झाले आणि ठसका लागला. झाकण निघेना. जावयाने जोर लावला. शेजारच्या गोमाजींनी पक्कड लावली. गोमाजींच्या घरचे पाणी चालले असते, कारण तिथे यादोरावांनी मुलगी दिली नव्हती. पण घराला कुलूप, किल्ली बायकोच्या पदराला आणि बायको मंडईत.

यादोरावांचे डोळे पांढरे व्हायला आले. सुलोचना पाण्याचा गडवा घेऊन पुढे आली. त्यांनी हातानेच नको म्हटले.

"पोर नाही मले, बाबा," ती हळूच म्हणाली. "म्हनून बापही नाही का?"

वाघापुढे न झुकलेली मान (निदान या मुद्द्यावर सर्व हकिगती जुळतात) खाली घालून त्यांनी गडवा घेतला. यादोराव घटाघटा प्याले. मग उरलेली भाकर फडक्यात परत बांधली.

"वरन कायचं केलं, बाई?"

"लाखोरीचं."

"मंग वाढ."

गोमाजी अंगणात जाऊन वर पाहून आले. "आभाळ जाग्यावरच हाये जी," त्यांनी कळवले. यादोरावांनी आग्रहाविना दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

अड्याळला परतल्यावर त्यांनी वाघाचीच गोष्ट सांगितली. पण पुढच्या मंडईपासून ते रिकाम्या हाताने आणि रिकाम्या पोटी बपेऱ्याला जाऊ लागले, ते अगदी शेवटच्या मंडईपर्यंत. तांब्या तिथेच राहिला. झाकण अजून उघडलेले नाही. सुलोचनाबाई फळी पुसताना तो हलवतात. आत बाबांनी भरलेले पाणी वाजते.

वाचक सुशिक्षित आहेत. असल्या खुळचट रीती ते मानत नाहीत. लेकीच्या घरचे पाणी ते केव्हाही पितील. फक्त यंदाही तिकडे जाणे जमलेले नाही, इतकेच.