माखोत्सोच्या घरावरचं फडकं

नाताळ अगदी तोंडावर आला होता आणि माखोत्सोच्या घराची दर्शनी भिंत अजून ओलीच होती. शेणमातीचं सारवण झालं होतं, त्यावर जेवायच्या काट्याने रेघा ओढून निम्मी नक्षी उठली होती, पण उरलेली निम्मी भिंत नागडी होती आणि पाहुणी दुपारच्या बसने येणार होती. माखोत्सो भिंतीपाशी जाई, चार रेघा ओढी, रस्त्याकडे बघे, आत जाऊन पावाचं पीठ दाबून बघे आणि परत भिंतीपाशी येई. खोत्सो म्हणजे शांती. थोरल्या मुलाचं नाव खोत्सो ठेवल्यामुळे अख्खं गाव तिला माखोत्सो, म्हणजे शांतीची आई म्हणे, आणि मानाने हाक मारायची तर 'म्मे', म्हणजे आईसाहेब, माखोत्सो, पण शांती काही तिच्या वाटेला कधी फिरकली नव्हती.

आणि पाहुणी साधीसुधी नव्हती. राजधानीत, मासेरूला, नोकरी करणाऱ्या खोत्सोने नालेली नावाची मुलगी पसंत केली होती. "लग्न करीन तर हिच्याशीच," असं त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. या नालेलीची आई मानालेली, म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चच्या महिला संघाची अध्यक्ष. तिला इकडे कुणी पाहिलं नव्हतं, पण तिची कीर्ती घाट ओलांडून आली होती. मुलीबद्दल द्यायच्या गुराढोरांची बोलणी मागाहून, आधी घर बघते, असं तिने कळवलं होतं. आणि वर, ज्या घरात ज्वारीच्या दारूचं मडकं असेल त्या घरात माझी मुलगी पाऊल ठेवणार नाही, हेही. माखोत्सोने उलट निरोप धाडला होता की आमच्याकडे ज्वारी येते ती फक्त खाण्यासाठी. ते खोटं नव्हतं. खाणीतली नोकरी संपवून तिचा नवरा सेआबाता कायमचा घरी आला, तेव्हापासून त्या बिचाऱ्याला घरात घोटभरसुद्धा मिळाली नव्हती.

"अहो, हे फडकं वाळत घाला," माखोत्सो म्हणाली. नक्षीत भरायची पांढरी माती तिने जुन्या चादरीच्या तुकड्यातून गाळली होती. "अजून एकदा गाळायचंय. आणि शेळ्यांच्या तोंडी लागणार नाही असं उंच टाका. मागच्या वेळी अर्धी चादर खाल्लीन् त्या काळीने."

"उंच म्हणजे किती उंच?"

"मला काय विचारता? शेळीला विचारा!"

सेआबाताने तीस वर्षं खाणीत लाकडाचे टेकू तारेने आवळले होते. त्याने बांधलेली वस्तू सुटत नसे, हा त्याचा एकुलता एक गर्व. त्याने एक लांबलचक काठी शोधली, तिच्या टोकाला फडकं तारेने आवळलं, काठी गोठ्याच्या दगडी भिंतीत रोवून पुन्हा तारेने जखडली, पक्कड खिशात टाकली आणि पाहुणीला आणायला बसथांब्याकडे चालता झाला. माखोत्सोचं तोंड भिंतीकडे होतं. तिने वर पाहिलंच नाही.

थोड्या वेळाने अंगणात खाकरण्याचा आवाज आला. ब्लँकेट पांघरलेले दोन म्हातारे, सोबत घोड्यावरून राफुथी. गावातला सर्वांत उंच माणूस, आणि तहानही त्याच मापाची.

"म्मे माखोत्सो, उशिरा का होईना, देवाने तुला सुबुद्धी दिली," राफुथी म्हणाला. "आम्ही म्हटलं, पहिला मान आपला."

"कसला मान?"

राफुथीने बोट वर केलं. माखोत्सोने पाहिलं आणि तिच्या हातातला काटा गळून पडला. या डोंगरात काठीवर पांढरं फडकं लागलं की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: आत ताजी दारू गाळून तयार आहे, या. तिच्या घरावर, तेही वाऱ्यावर असं फडफडत, की थेट घाटातून दिसावं!

"दारू नाही! ते फडकं वाळत घातलंय!"

"काठीवर?" एक म्हातारा म्हणाला.

"शेळीमुळे!"

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. झेंडा लावून गिऱ्हाइकाला कोरडं परत पाठवलेलं त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. "पाहुण्यांसाठी लपवून ठेवली असेल," एक म्हणाला. "मग बसू या. उरेल ती घेऊ," दुसरा म्हणाला. आणि दोघेही सावलीला भिंतीशी टेकून बसले.

"अहो, भिंत! ओली भिंत!"

म्हातारे दचकून उठले, पण भिंतीची कातडी ब्लँकेटांना चिकटून उठली. फुलांच्या चौकटीच्या जागी आता दोन पाठी उमटल्या होत्या. माखोत्सोच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून वाकून वाकून कंबर मोडली होती ती काय यासाठी? पण रडायलाही सवड नव्हती. आधी ते फडकं उतरायला हवं होतं.

"राफुथीदादा, तुझ्या पाया पडते, ते काढ."

राफुथी खोगिरावर उभा राहिला. त्याने तार ओढली, पिळली, दातांनीसुद्धा चावून पाहिली. "हे बांधलंय कोणी?"

"आमच्या ह्यांनी."

"मग नाही सुटायचं. पक्कड आण."

"तीही ह्यांच्याच खिशात आहे!"

"काठी मोडू?"

काठी वाकली, पण मोडली नाही. घोडा मात्र बिथरला. "मग झाकून टाक," माखोत्सो म्हणाली आणि आत पळाली. समोर नाताळसाठी इस्त्री करून ठेवलेलं लालभडक टेबलक्लॉथ होतं. तेच तिने उचललं. राफुथीने ते पांढऱ्यावर पसरून दोन गाठी मारल्या आणि खाली उतरला. पांढरं दिसेनासं झालं. माखोत्सोने सुटकेचा श्वास सोडला आणि उखडलेल्या भिंतीवर माती थापायला घेतली.

तोच फाटकातून तीन बायका हातात भांडी घेऊन आल्या. "म्मे माखोत्सो, बैल की मेंढी? मला फऱ्याचं हवं हं, नाताळ आहे."

लाल फडकं म्हणजे मांस विकायला आहे. हे माखोत्सोला जन्मापासून ठाऊक होतं, पण घाईत माणसाला आपलं नावही आठवत नाही. तिने कपाळावर हात मारला. हात मातीचा होता, त्यामुळे कपाळही सारवून निघालं.

"मेंढी नाही, बैल नाही, काही नाही! घरी जा सगळे!"

"खाली पांढरं दिसतंय," एक बाई वर बघत म्हणाली. "म्हणजे पाहुणचार मोठा दिसतो. लग्न ठरलं वाटतं खोत्सोचं?"

"मोडेल आता!" माखोत्सो ओरडली. हातातलं मातीचं घमेलं तिने असं उगारलं की बायका, म्हातारे आणि राफुथीचा घोडा, सगळे एकदमच फाटकाबाहेर पडले.

आता अंगणात शांतता होती. माखोत्सो पुन्हा भिंतीला भिडली. इतक्यात गोठ्याच्या मागून, आडवाटेने, एक भरदार बाई धापा टाकत आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, दगडावर बसकण मारली आणि कुजबुजत म्हणाली, "बाई गं, एक वाडगा दे. लवकर."

"नाही इथे काही. सांगून सांगून थकले."

"असं करू नकोस. एक थांबा आधीच उतरले मी, तुझं लालाखालचं पांढरं फडकं बघून. आणि कळलं का, मला जायचंय अशा घरी, जिथली बाई म्हणे यीस्टसुद्धा मोजून घरात घेते. संध्याकाळपर्यंत नुसता चहा पीत, मान हलवत बसायचं! घसा ओला केल्याशिवाय मला जमायचं नाही. तरी बरं, संघाचं जाकीट पिशवीत घातलंय."

माखोत्सोचे हात भिंतीवरच थांबले. संघाचं जाकीट. चहा. यीस्ट मोजणारी बाई! हसावं की किंचाळावं ते तिला कळेना. किंचाळली तर अध्यक्षीणबाईंची अब्रू जाईल आणि तिच्याबरोबर सोयरीकही. नाही दिली तर तहानलेली, चिडलेली विहीणबाई घर बघायला बसेल. खोत्सोचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. तिने मुकाट्याने वाडगा उचलला आणि कुंपणाकडे गेली. पलीकडे मातुमेलो राहायची. तिच्याकडे दारू गाळली जाते म्हणून माखोत्सो तिच्याशी तीन नाताळ बोलली नव्हती.

"मातुमेलो, एक वाडगा."

मातुमेलोने तिच्या सारवलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि हातातला वाडगा घेतला. वाडगा भरून आला.

मानालेलीने डोळे मिटून मोठा घोट घेतला. "देव तुझं भलं करो. आणि भिंत तू काढलीस? ती मधली नक्षी नवी दिसते. आमच्याकडे अशी कुणी काढत नाही."

माखोत्सोने म्हाताऱ्यांच्या पाठींकडे पाहिलं. "ती काढायला दोघं लागतात," ती म्हणाली.

"अगं माखोत्सो!" फाटकातून सेआबाताचा दणदणीत आवाज आला. "बस आली आणि गेली! त्या खोत्सोच्या सासूबाई काही उतरल्या नाहीत! आणि आपल्या घरावर हे लाल काय लावलंयस?"

मानालेलीच्या हातातला वाडगा ओठांशीच थांबला. तिने मातीने माखलेल्या माखोत्सोकडे पाहिलं, मग वर फडक्यांकडे, मग परत माखोत्सोकडे. ती दगडावरून अर्धवट उठली. माखोत्सोला वाटलं, ही बाई आता उठून पळणार आणि पोराचं लग्नही हिच्याबरोबर घाट उतरणार.

"त्या आधीच पोहोचल्या," माखोत्सो मोठ्याने म्हणाली. "ह्या मानालेलीबाई. उन्हातून आल्या, म्हणून आंबील दिली त्यांना."



"हो, आंबील," मानालेली म्हणाली आणि वाडगा रिकामा करून तोंड पुसलं. "छान आंबलीये. आमच्या नालेलीला अशा घराचीच सवय आहे. दारूचा मात्र आम्हाला तिटकारा आहे हं."

"आम्हालाही," माखोत्सो म्हणाली.

"मग बोलण्यासारखं उरलं काय? गुरांचं पुरुषमाणसं बघतील."

सेआबाता जवळ आला. त्याने एकदा हवेत वास घेतला, एकदा रिकाम्या वाडग्यात डोकावून पाहिलं, एकदा बायकोच्या चेहऱ्याकडे. मग पाहुणीशेजारचा दगड झटकून तो ऐसपैस बसला. इतका निवांत तो खाणीतून परत आल्यापासून कधी बसला नव्हता.

"अगं," तो म्हणाला, "मलाही थोडी आंबील दे."

पाहुणीसमोर माखोत्सोला नाही म्हणता येईना. ती वाडगा घेऊन कुंपणाकडे वळली, तर मातुमेलो अख्खं मडकंच घेऊन उभी होती.