नियम पहिला: डॉक्टरांनी तोंड उघडायचं नाही!

"आज दुपारपर्यंत बेचाळीस डॉक्टर माझ्या खिशात!" काळा कोट चढवताना हरिश्चंद्र शिवलकर वकिलांनी बायकोला सांगून टाकलं.

"खिसा उसवलाय," तुळसावहिनी म्हणाल्या. "आधी टाका घालून देते."

पण वकीलसाहेबांना दम कुठला! बारा वर्षं ते रत्नागिरीत फक्त डॉक्टर, नर्स आणि कंपाउंडर यांच्याच केसेस चालवत होते. पेशंट ग्राहक आयोगात गेला की डॉक्टरांचं बीपी चढायचं आणि वकीलसाहेबांचा फोन वाजायचा. आता डॉक्टरांच्या संघटनेला कायमचा वकील नेमायचा होता. त्या जागेवर चिपळूणच्या एका वकिलाचाही डोळा होता. अध्यक्षा डॉ. ज्ञानेश्वरी बेंडखळे म्हणाल्या होत्या, "रविवारी माझ्या हॉस्पिटलच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक दाखवा. मग मत घेऊ."

प्रात्यक्षिक असं होतं. एक बाई तक्रारदार पेशंट बनून येणार आणि वकीलसाहेब तिची उलटतपासणी घेणार. तिसऱ्या प्रश्नाला बाईने कोसळायचं आणि हात जोडून म्हणायचं, "माफ करा, चुकलं माझं!" नटी शोधायला तर काहीच कष्ट नव्हते. आपल्याकडे आंब्याच्या कलमांच्या खालोखाल पीक आहे ते हौशी नटांचं! पावस गावची ऋतिका तयार झाली. तिला निरोप गेला होता, हाताला बँडेज, नऊवारी लुगडं, सकाळी दहा वाजता. निरोप वकीलसाहेबांचा कारकून सदू याच्यामार्फत गेला होता, त्यामुळे वकीलसाहेबांनी ऋतिकेला स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं.

दहा वाजता वकीलसाहेबांनी फळ्यावर तीन नियम लिहिले. "एक, डॉक्टरांनी तोंड उघडायचं नाही. दोन, माफी मागायची नाही. तीन, सगळं लेखी आणि खाली सही!"

डॉक्टरांनी माना डोलावल्या. तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. उजव्या अंगठ्याला बँडेज, नऊवारी लुगडं, डोक्यावर पाटी. वकीलसाहेब खूश झाले. पाटीसुद्धा आणली! त्यात मासेसुद्धा! वाससुद्धा! याला म्हणतात तयारी!

मंडळी, ही ऋतिका नव्हती. ऋतिकेची एसटी चुकली होती. ही मांडवीला मासे विकणारी आवडाबाई. पंधरा दिवसांपूर्वी कोयतीने तिचा अंगठा कापला होता, बेंडखळेबाईंनी टाके घातले होते, आणि ती बिचारी डॉक्टरांना भेट म्हणून सुरमई घेऊन आली होती.

बेंडखळेबाई चटकन उठल्या. "शिवलकर, अहो ही..."

"नियम पहिला!" वकीलसाहेब कडाडले.

बाईंनी चिठ्ठी खरडून पुढे केली. "शाब्बास, नियम तिसरा!" म्हणत त्यांनी ती न वाचताच खिशात टाकली.

"हां बाई, बसा त्या खुर्चीत! टाके कोणी घातले?"

"डाक्टरीणबायनी. देव बरं करो त्यांचं."

"त्यामुळे तुम्हाला भयंकर त्रास होतोय?"

"कसला तरास! ह्याच हातानं आज अख्खी सुरमई साफ केली."

वकीलसाहेब वाकून कुजबुजले, "अहो, त्रास होतोय म्हणा! तक्रार करा!"

"कशाला करू?" आवडाबाई मोठ्याने म्हणाली. "माजी काय तक्रारच नाय!"

"मी सांगतो म्हणून करा!"

डॉक्टरांचा वकील पेशंटला तक्रार करायला विनवतोय, हे पाहून बेचाळीस डॉक्टरांच्या भुवया एकदम वर गेल्या. घाम पुसत वकीलसाहेब थेट पुढच्या प्रश्नावर आले.

"अंगठा मुळात तुम्ही स्वतःच कापलात! हो किंवा नाही?"

"मंग काय तुमी येऊन कापलात?"

हॉलमध्ये हशा पिकला. आता शेवटचं अस्त्र! वकीलसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "तुम्ही खोटं बोलताय! हो किंवा नाही?"

मांडवीला आवडाबाईला खोटारडी म्हणायची हिंमत समुद्रालासुद्धा नव्हती. ती उभी राहिली, पदर खोचला आणि वकीलसाहेबांकडे नीट पाहू लागली.

"थांबा. तुमी ते शिवलकरवकीलच ना? शिमग्याच्या आधी माज्याकडनं बांगडे नेलेत. सहा नेलेत. हो का नाय?"

"मी... प्रश्न मी विचारतोय!"

"दुसऱ्या दिवशी शिळे होते म्हणून परत घेऊन आलात. परत किती आणलेत?"

वकीलसाहेब नकळत बोटं मोजू लागले.

"दोन! मंग बाकीचे चार कुनी खाल्लेन? तळून खाल्लेत का आमटीत? खोटं कोन बोलतंय, मी का तुमी? हो का नाय!"

बारा वर्षांत वकीलसाहेबांनी कित्येक साक्षीदार कोसळताना पाहिले होते, पण आतून कोसळताना कसं वाटतं हे त्यांना आज कळलं. बरोबर तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी हात जोडले.

"माफ करा, चुकलं माझं!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. त्याच क्षणी टोमॅटो सॉसने माखलेलं बँडेज मिरवत एक तरुणी धापा टाकत आली. "सॉरी सर, एसटी चुकली! मी ऋतिका! कुठं कोसळायचंय?"

वकीलसाहेबांनी खिशात चिठ्ठी शोधली. उसवलेल्या खिशातून ती केव्हाच अस्तरात उतरली होती. कोट उलटा करून त्यांनी ती बाहेर काढली. "ही माझी खरी पेशंट आहे. कृपया तिला काहीही विचारू नका. ज्ञा. बेंडखळे." खाली सहीसुद्धा होती.

मतदान जागच्या जागी झालं. बेंडखळेबाईंनी हसू आवरत निकाल सांगितला, "शिवलकर, तुमची नेमणूक पक्की! उलटतपासणी काय चीज असते, हे आज आम्हा सगळ्यांना कळलं. मात्र पुढच्या महिन्याचं प्रशिक्षण आवडाबाई घेणार. तुम्ही पेशंट व्हायचं."

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं, फळ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

सुरमई डॉक्टरीणबाईंच्या हवाली करून आवडाबाईने पाटीच्या तळातून बांगडे काढले आणि केळीच्या पानात बांधून वकीलसाहेबांच्या हातात ठेवले. ते भारावले. माणसं किती मोठ्या मनाची असतात!

"सहा हायत," आवडाबाई म्हणाली आणि फळ्याकडे बोट दाखवलं. "ताजे मिळाले म्हणून लिवून द्या. खाली सही करा!"