आठवी ब ची घाईताई

“आता शाळेत अभ्यास सोडून हेच राहिलं होतं! फोटो काढा, व्हिडिओ काढा, जगाला दाखवा!”

मोठ्या बाई हे कपाटाशी बोलत होत्या. पण कपाट आणि विज्ञानाच्या बाई यांच्यात वीतभरच अंतर असल्यामुळे निरोप पोचला.

“महिनाभर द्या मला,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. “शाळेचा एक फोन, फोटो टाकायला एक खातं आणि आठवी ब. ज्या पोरांची नजर दोन मिनिटं एका जागी ठरत नाही, ती महिनाभर एकाच गोष्टीकडे बघतील. नाही बघितलं, तर फोन कायमचा तुमच्या कपाटात!”

“कशाकडे बघतील?”

“गोगलगायीकडे.”

मोठ्या बाईंनी परवानगी दिली ती बहुधा धक्क्यानेच.

गोगलगाय नळामागच्या ओल्या भिंतीवर सापडली. जुनी काचेची पेटी, माती, कोबीचं पान, पाण्याची बशी असा संसार मांडून झाला. पोरांनी नाव ठेवलं घाईताई. नियम एकच, फळ्यावर ठळक अक्षरात: जे घडलं तेच टाकायचं. रोज मधल्या सुट्टीत एक फोटो, एक छोटा व्हिडिओ आणि खाली दोन ओळी.

पहिल्या दिवशी घाईताईने अर्धं पान संपवलं. दुसऱ्या दिवशी ती काचेवर चढली, आणि तिची पोटाकडची बाजू बघताना चाळीस पोरं चिडीचूप झाली. चाळीस! बाईंना वीस वर्षांत एवढी शांतता फक्त परीक्षेत भेटली होती, आणि तीसुद्धा कुजबुजीसकट. शेवटच्या बाकावरच्या उंच मुलीने आजवर वहीचा उपयोग वारा घ्यायलाच केला होता. तिने लिहिलं, ‘ती डोळे आधी पाठवते, मग मागून स्वतः येते.’ बाईंनी ते तीनदा वाचलं. घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. नवरा “बरं” म्हणाला, त्याला परत वाचून दाखवलं.

पाचव्या दिवशी घाईताई हलली नाही. सहाव्या दिवशीही नाही. ‘आज घाईताईची सुट्टी,’ पोरांनी लिहिलं.

सातव्या दिवशी बाई घंटेच्या तासभर आधीच आल्या. शंखाला बोट लावलं. उत्तर नाही. नखाने टकटक केलं. उत्तर नाही. बाईंनी दाराकडे पाहिलं, घाईताईला चिमटीत धरलं आणि चार बोटं पुढे, पानाजवळ ठेवलं. फक्त आजचा दिवस, असं त्यांनी स्वतःला बजावलं. माणसाची सगळी लफडी फक्त आजच्या दिवसासाठीच सुरू होतात.

मधल्या सुट्टीत बघतात तर घाईताई पानाजवळ नाहीच! ती पेटीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात.

“बाई, हलली!” उंच मुलगी म्हणाली. बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती.

“हो की!” बाई म्हणाल्या. त्यांनीही खिडकीबाहेरच बघितलं.

पोरंही सरकवतात हे बाईंना कळलं. पण विचारणार कुठल्या तोंडाने?

पुढच्या आठवड्यात घाईताईने भलताच वेग धरला. सकाळी पानावर, दुपारी बशीत, संध्याकाळी काचेला पाठ लावून. मागे चकचकीत माग दिसावा म्हणून बाई डिंकाची रेघ ओढायच्या. पोरं आपली वेगळी ओढायची. एका फोटोत माग डावीकडे गेला आणि घाईताई उजवीकडे. बघणारे पन्नासाचे अडीच हजार झाले. ‘आमच्या सासूबाईंपेक्षा लवकर आवरते,’ एकीने लिहिलं. मग वास यायला लागला.

“प्रयोगशाळा म्हटली की वास आलाच,” बाई खिडक्या उघडत म्हणाल्या. चाळीस माना डोलल्या. आठवी ब मध्ये इतकं एकमत सहलीबद्दलसुद्धा झालं नव्हतं.

आणि मोठ्या बाई! त्या आता दिवसातून दोनदा पेटीपाशी येऊन जायच्या. शेवटच्या दिवशी तर त्यांनी जाहीरच केलं, “पालकांना थेट दाखवू या! मीच बोलते.”

फोन स्टँडवर चढला. सहाशे लोक बघायला बसले. मोठ्या बाईंनी स्वागत केलं, कॅमेरा पेटीकडे वळवला आणि सगळे थांबले. सहाशे जणांदेखत चिमटीत धरायची सोय नव्हती. एक मिनिट गेलं. पाच गेली. दहा.

‘अडकलं वाटतं,’ फोनवर ओळ उमटली. ‘आमच्याकडेही चित्र अडकलंय.’ ‘बंद करून चालू करा.’

मोठ्या बाईंनी फोनसमोर हात हलवून दाखवला.

‘आता सुरू झालं!’

हात बाजूला झाला.

‘परत अडकलं.’

“लाजतेय,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“एवढ्या माणसांची सवय नाही तिला,” दारातून शिपाईमामांनी दुजोरा दिला.

“झोप लागली असेल,” उंच मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता आणि पुढ्यातल्या वहीचं पान कोरं होतं.

बाईंनी त्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. जाऊ दे फोन कपाटात, त्यांच्या मनात आलं.

“ती मेलीय,” बाई म्हणाल्या. “पाचव्याच दिवशी. तेव्हापासून मी तिला सरकवतेय.”

वर्गातून चाळीस सुस्कारे एकदम सुटले.

“आम्हीपण, बाई!”

“मी आपला केर काढताना तेवढी सरकवायचो,” शिपाईमामा म्हणाले.

आता उरल्या मोठ्या बाई. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मी फक्त बशीपर्यंत न्यायचे,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, तहान लागली असेल.”

फोनवर एक नवी ओळ आली.

‘आवाज छान येतोय. चित्राचं तेवढं बघा.’