हरण्यासाठी मांडलेला डाव

“हरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ,” घड्याळजींनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. खरं तर युद्धाच्या पटावर ते गेल्या तीस वर्षांत एकदाही हरले नव्हते. तो नकाशाचा पट, लाल-निळ्या पलटणी आणि दोन फासे यांपायी सख्ख्या मेव्हण्याशी त्यांचा अबोला होता. पण आज लेकीचे होणारे सासरे पहिल्यांदाच घरी येत होते, आणि तेही याच खेळाचे वेडे.

“त्यांना जिंकू द्या. तुमच्यापायी पोरीचं जमलेलं लग्न मोडायला नको,” बायकोनं बजावलं.

होणारे व्याही दातांचे डॉक्टर. चहा होताच पट मांडला गेला. घड्याळजींनी पहिल्याच खेळीत नदीवरचा पूल मोकळा सोडला, अगदी आंधळ्यालाही दिसावा असा. डॉक्टरांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उलट आपली पलटण त्यांनी डोंगरापलीकडे नेऊन ठेवली.

मग घड्याळजींनी तोफा मागे घेतल्या. डॉक्टरांनी घोडदळ मागे घेतलं. दोन तासांत दोन्ही सैन्यं पटाच्या दोन कडांना अंग चोरून उभी होती आणि मधला सगळा मुलूख ओस पडला होता.

“तुमची राजधानी उघडी पडलीय,” घड्याळजींना राहवेना.

“तुमचीही. घ्या ना माझी, संकोच नको,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

“छे, आधी तुम्ही. पाहुणे आहात.”

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “खरं सांगू? हरूनच या, असं आमच्या हिनं बजावलंय.”

घड्याळजींचे कान लाल झाले. “म्हणजे मला दया म्हणून जिंकू देत होता? मला?”

“आणि तो पूल काय वाऱ्यानं मोकळा पडला?”

आवाज चढले. “ही फसवणूक आहे” एवढंच स्वयंपाकघरात बायकोला ऐकू गेलं आणि लग्न मोडलं असंच तिला वाटलं. तिनं तडक विहीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “यांचं जाऊ द्या हो. आपण दोघी ठरवून टाकू.” लेकीला विचारून तारीखही पक्की झाली.

बायको बाहेर आली तेव्हा पट नव्यानं मांडलेला होता आणि दोघंही बाह्या सरसावून, कपाळाला कपाळ लागेल इतके वाकले होते.

“लग्न पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला,” तिनं जाहीर केलं.

घड्याळजींनी मान वर न करता विचारलं, “डॉक्टर, तोवर आटपेल का हो हा डाव?”

डॉक्टरांनी फासे हातात खुळखुळवले. “सांगता येत नाही. वहिनी, वीस तारीख नाही का जमणार?”