रिस्पॉन्सिबिलिटीचा जोर

जानूकाकांनी सुनेला इंग्रजी शिकवायचं ठरवलं, तेव्हा शिरगावात पहिली हसली ती त्यांचीच बायको कमळी. (काका शाळेत गेले ते फक्त मतदानाला.)

पण सुनेची, स्नेहाची, अडचण खरी होती. उद्या बोईसरच्या एका कंपनीत मुलाखत. काम फोनवर इंग्रजी बोलायचं. शिकवणीच्या बाईंनी लांबलांब शब्दांचा कागद दिला होता: शब्दाचे तुकडे पाडा, एकाच तुकड्यावर जोर द्या. तुकडे पडत होते, पण जोर सगळ्यांवर सारखाच. पोरगी रडकुंडीला आली.

"अगं, होडी वडताना आमी काय सारखे वडतो?" काका सावकाश म्हणाले. "हाक देताना एका जागी आवाज चढतो, तितंच जोर लावायचा. बाकी दम घ्यायचा. यात जोर कुटं हाय?"

"रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. 'बि'वर, बाबा."

चाळीस वर्षं किनाऱ्यावर हाक दिलेला गळा तो. काका अंगणात उभे राहिले आणि हात वर करून सुरू झाले, "रि-स्पॉन्-सि-बिऽऽ-लि-टी!"

स्नेहा त्यांच्या मागोमाग म्हणू लागली. दहाव्या खेपेला तिचा 'बि' असा खणखणीत निघाला की काकांचे डोळे भरून आले.

(डोळे भरल्यामुळे पुढचं दिसलं नाही, असं ते अजून सांगतात.) खाली वाळूत काकांच्या होडीवरचा देवू आणि चार गडी होडी वर घ्यायला काकांच्याच हाकेची वाट बघत होते. हाक आली, दोर खांद्यावर गेले. हाक थांबेपर्यंत दोर सोडायचा नाही, हा किनाऱ्याचा नियम. माना खाली घालून गडी ओढत राहिले. दर 'बि'ला होडी हातभर वर. शेवटी अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांत आधी देवू घुसला, मागून होडी.

"अवो, बंद करा ती इंग्रजी!" कमळी किंचाळली. "माजे बोंबील गेले!"

"आमी काय करनार?" देवू कानावरचा बोंबील काढत म्हणाला. "काका थांबतच नाय!"

दुसऱ्या दिवशी स्नेहा नोकरी घेऊनच परतली. काकांनी गावभर सांगितलं, "मी शिकवली." रविवारी ऐटीत किनाऱ्यावर गेले, दोरापाशी उभे राहिले, हाक द्यायला तोंड उघडलं.

"काका, तुमी जरा बाजूला बसा," देवू म्हणाला. "स्नेहावैनी येतेय. तिच्या 'बि'ला होडी जास्त सरकते."