सहीशिवाय हात नाही

धाडकन कोठीचं दार लागलं आणि तपासणीला आलेले साहेब आत अडकले. वारा पंख्याचा, कुलूप दुकानातल्या थोरल्या कारागिराने, म्हणजे वस्तादांनी, सकाळीच बसवून पाहिलेलं. आतली मूठ लावायची राहिली होती, किल्ली घासायची राहिली होती. पण कुलूप मात्र असं बसलं की विचारू नका!

वेळ तरी कोणती पाहा. कुलपांच्या या दुकानाला कायद्याचा आधार होता. निम्मी माणसं तुरुंगातून सुटून आलेली असली, तर सरकारी कचेऱ्यांचं काम त्या दुकानाला मिळायचं. इथे दुकान चालवणाऱ्या ताई धरून माणसं दहा. पाच हवी होती, भरत होती चार. पाचव्याला गेल्याच आठवड्यात एका बँकेने तिजोऱ्यांच्या दुरुस्तीसाठी पळवला होता! आज पाचवा माणूस दाखवला नाही, तर काम बंद. आणि वस्तादांसारख्या साठीच्या जुन्या घरफोड्याला दुसरं कोण आपल्या दाराशी उभं करणार? वस्तादांना सकाळपासून चहासुद्धा गोड लागत नव्हता.

"अहो, उघडा की!" आतून साहेब ओरडले.

"उघडतो साहेब. फक्त मालकाची सही लागेल," वस्ताद म्हणाले. "सहीशिवाय कुलपाला हात नाही लावत आम्ही."

"मग ताईंची घ्या!"

"कुलूप तुमच्या कचेरीच्या ऑर्डरचं आहे. म्हणजे मालक सरकार. आणि सरकार तर आत बसलंय."

ताईंनी कपाळाला हात लावला. "वस्ताद, आजच्या दिवस राहू द्या ना तो नियम!"

"नाही ताई. सरकारी माणसादेखत कुलूप उघडलं, म्हणून सात वर्षं काढलीत मी."

शेवटी दाराखालून कागद सरकवला. साहेबांनी मुकाट्याने सही करून तो परत ढकलला. वस्तादांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली.

"ओळखपत्र?"

"बाहेर माझ्या बॅगेत आहे! घ्या काढून!"

"बॅगेला नंबराचं कुलूप आहे. त्याला वेगळा अर्ज लागेल."

"मी नंबर सांगतो ना!"

वस्तादांनी झटकन दोन्ही कानांत बोटं घातली. "नको साहेब! एकदा ऐकला की मला विसरता येत नाही."

"सरका बाजूला," ताई म्हणाल्या. त्यांनी केसांतल्या दोन पिना काढल्या, गुडघे टेकले, कान दाराला लावला. खट्!

वस्ताद बघतच राहिले. तीन महिने खपून केलेलं कुलूप, अर्ध्या मिनिटात? रागही आला आणि डोकंही चक्रावलं. पीन अशी उलटी धरून फिरवायला या दुकानात कुणीच शिकवत नव्हतं.

घामाघूम साहेब बाहेर आले. "बाई, हे कुठे शिकलात?"

ताई जमिनीवरून उठल्याच नाहीत. "तुरुंगात. चौदा महिने होते मी."

साहेबांनी रुमालाने मान पुसली.

"अहो, मग सुटून आलेल्यांच्या यादीत तुमचं नाव का नाही?"

"ह्या सगळ्यांना रोज सांगते, लाजू नका, लिहा म्हणून." ताईंचे डोळे भरून आले. "स्वतःचं लिहायला धीरच झाला नाही हो."

वस्तादांना गलबलून आलं. त्यांनी यादी आणली, ताईंच्या मांडीवर ठेवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं. ताईंनी चार नावांखाली पाचवं लिहिलं. साहेबांनी खाली शिक्का मारला.

नाक पुसत वस्ताद ताईंच्या शेजारी मांडी घालून बसले.

"ताई, ते जरा पुन्हा सावकाश करून दाखवा. साहेब, घटकाभर परत आत जाता का?"